१४ वर्षांची मांजर चिंगी अचानक आजारी पडली, ॲडमिट ठेवायचं की घरी आणायचं?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तुमची मांजर चिंगी १४ वर्षांची, परवा रात्रीपर्यंत ठीक होती, म्हणजे आईंनी मांदेली दिली ती थोडी खाल्ली, आणि काल सकाळी उठून बघता तर पलंगाखाली मान खाली टाकून बसलेली, मागचे पाय लडखडतायत, दोन उलट्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा, पण रक्तात साठलेला कचरा) ७.८, फॉस्फरस ११, पोटॅशियम २.९. ॲडमिट करून सलाईन लावलंय. आई म्हणतात तिला सुया टोचून हाल करू नका, घरी आणा, शांतपणे जाऊ दे. आणि तुम्ही विचारताय की आम्ही तिला वाचवतोय की छळतोय, आणि हे आधी आपल्याला कसं दिसलं नाही.

मी २४ वर्षं दादरला प्राण्यांची डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतेय, माझ्याकडे येणाऱ्यांतली निम्मी मांजरं असतील, आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी समोर येतो. तर आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते मग बाकीचं. पहिल्या दिवसाचा आकडा बघून चिंगीचा निकाल लावू नका. तिला ४८ ते ७२ तास द्या, बाकी काहीही ठरवायचं असेल ते त्यानंतर. ७.८ हा आकडा घाबरवणारा आहे हे खरं, पण तो कोरड्या पडलेल्या, उलट्या केलेल्या, पाणी न प्यायलेल्या मांजरीचा आकडा आहे. त्यात किडनी किती गेलीय आणि नुसतं पाणी कमी झाल्यामुळे किती वाढलंय हे आज कोणीच सांगू शकत नाही, मी पण नाही. नेटवर किडनीच्या स्टेजचा तक्ता असतो, ५ च्या वर म्हणजे चौथी स्टेज, तो तुम्ही वाचला असणारच. पण तो तक्ता तब्येत स्थिर झालेल्या मांजरीसाठी असतो, अंगातलं पाणी भरून निघाल्यावर जो आकडा उरतो त्यावर स्टेज ठरते. आज चिंगीला चौथ्या स्टेजची म्हणणं बरोबर नाही.

लालबागच्या चाळीतला एक बोका होता माझ्याकडे, १५ वर्षांचा, क्रिएटिनिन ९ च्या वर घेऊन आला, मालकाने कॅरियरसुद्धा आणला नव्हता, पिशवीतून आणला होता कारण त्याला वाटलं आता परत न्यायचाच नाहीये. लघवी तपासली तर जोरदार इन्फेक्शन, किडनीपर्यंत चढलेलं. अँटिबायोटिक आणि सलाईनवर चौथ्या दिवशी ३.१ वर आला आणि त्यानंतर सव्वा वर्ष गॅलरीत कबुतरांवर नजर ठेवून बसला. सगळ्यांचं असं होत नाही, उलट उदाहरणही पुढे सांगणार आहे. पण म्हणून म्हणते, आकड्यामागे कारण काय ते शोधायला वेळ द्या.

आता तुमच्या डॉक्टरांना हे विचारा, आणि विचारताना संकोच करू नका, चांगल्या डॉक्टरला असे प्रश्न आवडतात. लघवीची कल्चर टेस्ट, म्हणजे इन्फेक्शनचे जंतू शोधायची तपासणी, पाठवली का (सोनोग्राफीत बघून सुईने थेट ब्लॅडरमधून घेतलेली लघवी असली तर उत्तम). सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सारख्या आहेत का, की एक आक्रसलेली आणि दुसरी फुगलेली, कारण तसं असलं तर किडनीतून ब्लॅडरकडे जाणाऱ्या नळीत खडा अडकलेला असू शकतो आणि मग नुसत्या सलाईनने काम होणार नाही. बीपी मोजलं का. म्हाताऱ्या मांजरींत किडनी आणि बीपी हातात हात घालून येतात, १६० च्या वर राहिलं तर औषध लागतं, आणि फार वाढलं तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळी होते, बाहुल्या मोठ्या दिसतात, भिंतीवर धडकते. आणि हिमोग्लोबिन किती आहे, कारण रक्त बनवायचा सिग्नल देणारं हार्मोन किडनीच तयार करते.

अजून एक, घरात मागच्या चार-पाच दिवसांत फुलांचा बुके आला होता का? एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली, ती मोठ्या पाकळ्यांची, केशरी परागकण गळणारी. मांजरीने पान चावलं, अंगावर पडलेले पराग चाटले, अगदी फ्लॉवरपॉटमधलं पाणी प्यायलं तरी किडन्या बंद पडू शकतात. वाढदिवस, गृहप्रवेश, हळदीकुंकू, कुठूनही येतो तो बुके. आला असेल तर आजच डॉक्टरांना सांगा, कारण उपचाराचा सगळा हिशोब बदलतो. तसंच कोणी प्रेमाने क्रोसिनची गोळी दिली नाहीये ना तेही बघा. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, आणि माणसांची बाकीची दुखण्याची औषधंही तिच्या किडनीला वाईट. मी आईंवर शंका घेत नाहीये, पण हे प्रत्येक घरात विचारावंच लागतं.

मागच्या पायांचं. हे तुम्हाला सगळ्यात भयंकर वाटलं असणार. पण पोटॅशियम २.९ आहे, म्हणजे कमी आहे, आणि पोटॅशियम कमी झालं की मांजरीच्या स्नायूंत ताकदच राहत नाही, मान उचलवत नाही, हनुवटी छातीला टेकल्यासारखी बसते, पाय लडखडतात. तुम्ही वर्णन केलंत ते नेमकं हेच. सलाईनमधून पोटॅशियम हळूहळू भरलं की बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत मान वर येते. आणि यात एक बरी गोष्ट लपलेली आहे, ज्या मांजरीची लघवी पूर्ण बंद पडलेली असते तिचं पोटॅशियम सहसा वर जातं. चिंगीचं खाली आहे, म्हणजे किडन्या अजून लघवी बनवतायत. दुसरा एक प्रकार असतो ज्यात हृदयातून गुठळी सुटून मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकते, त्यात मांजर वेदनेने ओरडते, मागचे पंजे थंडगार, तळवे आणि नखांच्या मुळाशी निळसर. तुमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पंजे हातात धरून बघितले असं तुम्ही लिहिलंय, ते त्याचसाठी. माणूस बरोबर आहे तुमचा, विश्वास ठेवा.

आता "आधी कसं दिसलं नाही" हे. ताई, अचानक हा शब्द मांजरीच्या बाबतीत फसवा आहे. क्रिएटिनिन वाढायला लागतं तेव्हाच किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं, तोवर मांजर दिसायला ठणठणीत. ती आजार लपवते, तिची जातच तशी आहे, स्वतः शिकारी असली तरी तीही कोणाची तरी शिकार असते, अशक्त दिसणं परवडत नाही. आपल्याकडे म्हणतात ना मांजर मरायला घर सोडून जाते, ते मरायला जात नाही, दुखतंय म्हणून आडोसा शोधते. तुम्ही सहज लिहून गेलात की मागच्या पावसाळ्यापासून बाथरूमच्या बादलीतलं पाणी प्यायची सवय लागली होती आणि लिटर बॉक्समध्ये लघवीची ढेकळं मोठी पडायला लागली होती. ती सवय नव्हती, ती किडनी होती. वजन सव्वाचार किलोवरून सव्वातीन झालं, आपल्याला एक किलो म्हणजे काही वाटत नाही पण तिच्या अंगातला जवळजवळ पाव भाग गेला तो. केसाळ मांजरीत हे हाताला लागतं, डोळ्याला दिसत नाही. हे मी तुम्हाला टोचायला सांगत नाहीये, माझ्या स्वतःच्या घरातल्या मांजरीचं मी असंच उशिरा पकडलंय, रोज दुसऱ्यांच्या मांजरी तपासून. ज्यांच्या घरी १० वर्षांपुढची मांजर आहे त्यांनी मात्र महिन्यातून एकदा वजन करा, स्वतः तिला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, आणि वर्षातून दोनदा रक्त-लघवी-बीपी, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

हे तीन दिवस कसे काढायचे? हॉस्पिटलमध्ये तिचा न धुतलेला टॉवेल किंवा तुमची जुनी ओढणी ठेवून या, घराच्या वासाने मांजर निम्मी शांत होते. पिंजरा कुत्र्यांच्या समोर असेल तर पुढून चादर टाका म्हणावं, आणि आत एक पुठ्ठ्याचा खोका ठेवा, लपायला जागा मिळाली की ती जेवायला पण बाहेर येते. दिवसातून एकदा भेटा, पंधरा-वीस मिनिटं, रडू आलं तर बाहेर जाऊन रडा आणि परत या, तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोला. रोज दोनदा वजन घेतात का विचारा, कारण सलाईन जास्त झालं तर म्हाताऱ्या मांजरीचं हृदय ते झेलू शकत नाही, छातीत पाणी होतं, वजन भराभर वाढायला लागणं ही त्याची पहिली खूण, आणि श्वास. झोपलेल्या मांजरीचा श्वास मिनिटाला ३० च्या आत असायला हवा. हे पुढे घरी आल्यावर तुम्ही पण मोजायचंय, छाती एकदा वर-खाली झाली की एक. चाळिशीत गेला किंवा तोंड उघडून श्वास घ्यायला लागली तर रात्रीचे तीन असोत, निघायचं. आणि ती वेळ यायच्या आधीच रात्री उघडं कोण असतं ते फोन करून विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं मोठं हॉस्पिटल सुरू झालंय, पण तुम्ही भांडुपला राहता, जुलैच्या पावसात सायनला पाणी भरलं की तिथे पोचणं हाच वेगळा प्रश्न असतो, म्हणून ठाणे-मुलुंडकडचा एक नंबर हवाच.

खाण्याचं. इथे घरोघरी चूक होते, अगदी मायेपोटी होते. तोंडात सिरिंजने भरवू नका. तिला मळमळतंय, युरिया वाढला की तोंडात घाण चव येते, पोटात आम्ल वाढतं, अशा वेळी जबरदस्ती केली की तिच्या डोक्यात ते अन्न म्हणजे आजार असं बसतं आणि बरी झाल्यावरही ती त्याला तोंड लावत नाही. शिवाय घशाऐवजी फुप्फुसात जायची भीती. आधी उलटी-मळमळीचं इंजेक्शन, मग भूक वाढवायचं औषध (मिर्टाझापीन बऱ्याच जणींना लागू पडतं), आणि मग समोर कोमट करून काहीतरी वासाचं. कांदा-लसूण-मीठ न घालता उकडलेल्या माशाचं पाणी, चिकनचं पाणी, काहीही चालेल. या आठवड्यात किडनीवालं खास फूड अजिबात सुरू करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. ते फूड आयुष्य वाढवतं हे खरंय, पण ते तिला बरं वाटायला लागल्यावर, घरी, जुन्यात चमचा-चमचा मिसळून, दोन-तीन आठवडे घेऊन. आत्ता दिलं तर ते कायमचं बाद होईल. आणि तीन-चार दिवस काहीच खाल्लं नाही तर मानेतून फीडिंग ट्यूबचा विषय डॉक्टर काढतील. ऐकायला भयानक वाटतं, पण मी ज्यांना ज्यांना घातली त्यातल्या बहुतेक घरांनी नंतर सांगितलं की आधीच घालायला हवी होती, औषध पाणी सगळं त्यातून जातं आणि तिच्यामागे धावणं संपतं.

पैशाचं पण बोलूया, कोणी बोलत नाही. रोजचा अंदाजे खर्च किती ते पहिल्याच दिवशी विचारा, तीन दिवसांचा आकडा कागदावर घ्या. आपली मर्यादा सांगण्यात प्रेम कमी पडत नाही. मर्यादा कळली की डॉक्टर त्यातल्या त्यात कुठली टेस्ट आधी आणि कुठली सोडता येईल हे ठरवू शकतो.

तीन दिवसांनी काय बघायचं ते सांगते. आकडा खाली येतोय का, नॉर्मल नाही होणार, ७.८ चं साडेचार-पाच आणि अजून उतरतोय असं असलं तरी चालेल. स्वतःहून खाल्लं का, भले चार घास. अंग चाटायला लागली का, हे मी फार मानते, मांजरीने स्वतःची साफसफाई सुरू केली की मला हायसं वाटतं. तुम्ही गेल्यावर डोकं घासलं का. हे होत असेल तर तिला घरी आणा, घरी त्वचेखालून सलाईन देता येतं आणि ते तुम्ही शिकू शकता, माझ्याकडे ७० वर्षांच्या आजी शिकल्यात. आरएल सलाईनची बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खिडकीच्या ग्रिलला किंवा पडद्याच्या रॉडला टांगायची, मांजर मांडीवर किंवा कॅरियरच्या खालच्या भागात, दोन खांद्यांच्या मध्ये कातडी तंबूसारखी उचलायची, सुई आत, पाच-सात मिनिटं. साधारण १०० मिली, किती आणि किती दिवसांनी ते डॉक्टर हृदय बघून ठरवतील. पाठीवर उंटासारखा गोळा दिसतो, तो काही तासांत खाली उतरत जिरतो, कधीकधी पुढच्या पायात उतरतो, घाबरायचं नाही. पहिल्या दोन वेळा तुमचे हात थरथरतील आणि सलाईन गादीवर सांडेल.

आणि आकडा उतरलाच नाही तर? किंवा लघवीच कमी झाली, तोंडात फोड आले, ती तुमच्याकडे पाठ करून कोपऱ्यात बसून राहिली तर? तर मग आई बरोबर आहेत, फक्त तीन दिवस आधी बोलल्या. पार्ल्याच्या एका घरातली मांजर आठवते, आकडा चिंगीपेक्षा कमी होता, सहाच्या आसपास, पण चौथ्या दिवशी तो तिथेच होता. घरच्यांना आशा होती आणि मी स्पष्ट बोलले नाही, अजून एक दिवस बघू, अजून एक दिवस बघू, असे नऊ दिवस गेले. शेवटचे पाच दिवस तिच्यासाठी नव्हते, आमच्यासाठी होते. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी तारीख ठरवते, की अमुक दिवशी संध्याकाळी बसून बोलायचं, आणि त्या दिवशी मी गोलगोल बोलत नाही. तुम्ही पण तुमच्या डॉक्टरांकडून अशी वेळ घ्या.

आईंच्या मनात काय असेल याचा मला अंदाज आहे. आपल्याकडे मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला वाहावी लागते म्हणतात, माझी आजीही म्हणायची. त्यामुळे इंजेक्शन देऊन झोपवायचं म्हटलं की ते पाप आपल्या माथी येईल असं वाटतं, आणि म्हणून घरी आपोआप जाऊ दे. पण किडनीने आपोआप जाणं शांत नसतं हो. मळमळ, उलट्या, तोंडातले फोड, कधी झटके, दिवसेंदिवस चालतं ते. आईंना हे नीट, प्रेमाने सांगा, नाहीतर मला फोन जोडून द्या, मी बोलते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, पाच-दहा मिनिटांत ती गाढ झोपते, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, शेवटी एखादा श्वासासारखा झटका येतो, लघवी होते, हे आधी माहीत असलं की धक्का बसत नाही. घरी येऊन करणारे डॉक्टर मुंबईत आहेत, विचारा. आईंच्या मांडीवर होऊ शकतं. नंतर अंत्यसंस्कारासाठी मालाडला महापालिकेचं प्राण्यांचं दहनगृह आहे, परळच्या हॉस्पिटललाही विचारता येईल, आधी फोन करून वेळ घ्या. हे मी आत्ताच सांगून ठेवतेय कारण त्या दिवशी शोधाशोध करायचं त्राण नसतं, चिंगीला ते आत्ता लागणार आहे म्हणून नाही.

तुमच्या दुसऱ्या मांजराचं, बंड्याचं विचारलंत, त्याला लागण होईल का. नाही, किडनीचा आजार पसरत नाही. पण ती हॉस्पिटलचा वास घेऊन घरी आली की तो तिच्यावर फिस्कारेल, जणू ओळखतच नाही, तेव्हा पहिले एक-दोन दिवस त्यांना वेगळ्या खोलीत ठेवा आणि एकच टॉवेल आलटून पालटून दोघांच्या अंगावरून फिरवा. वन-रूम-किचनमध्ये वेगळी खोली कुठली म्हणाल, तर रात्री बाथरूममध्ये बंड्याची गादी टाका, चिंगीला नको, तिला तिच्या पलंगाखालीच राहू दे आणि लिटर बॉक्स तिथेच जवळ सरकवा, कमी उंचीच्या ट्रेमध्ये, पाय अजून उचलत नसतील.

उद्या सकाळचे रिपोर्ट आले की मला क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि आजचं-उद्याचं वजन कळवा. आणि बुकेचं तेवढं आत्ताच आईंना विचारा.